ईसीएफएची मोहोर: दान पाठवण्याआधी तिच्यावर किती विसंबावं?

अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थांच्या संकेतस्थळांवर, दान देण्याच्या पानाच्या अगदी तळाशी, बऱ्याचदा एक छोटी मोहोर असते: ईसीएफए. पूर्ण नाव इव्हँजेलिकल कौन्सिल फॉर फायनान्शियल अकाउंटेबिलिटी. यूट्यूबवर प्रवचनं ऐकून दान पाठवणाऱ्याची नजर तिच्यावर पडते आणि मनातली शंका तिथेच विरते. प्रचारक जे शिकवतो तेच जगतो, याचा दाखला मिळाल्यासारखं वाटतं.

तसा दाखला ही संस्था देत नाही, आणि देते असा तिचा दावाही नाही. हिशेब आणि कारभार तपासणारी ही सभासद-सेवा आहे. त्या कामात ती चांगली आहे. गडबड होते ती आपण तिच्याकडून भलतंच काम अपेक्षिल्यामुळे. आमचे गुण आधीच सांगून टाकतो: पैशाच्या शिस्तीसाठी पाचपैकी चार, नेत्याच्या आचरणाची खात्री म्हणून पाचपैकी दीड.

संस्था १९७९ची. त्याआधी १९७७ मध्ये सिनेटर मार्क हॅटफील्ड यांनी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि सुवार्ताप्रसार यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, पुढाऱ्यांना बजावलं होतं की घरातली शिस्त तुम्ही स्वतः लावा, नाहीतर सरकार लावेल. धार्मिक संस्थांनी हिशेब उघड करावेत असं विधेयक तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये आलेलं होतं. प्रख्यात प्रचारक बिली ग्रॅहम यांची संस्था आणि वर्ल्ड व्हिजन ही मदतसंस्था यांनी पुढाकार घेतला आणि कौन्सिल उभी राहिली. म्हणजे जन्म भक्तीपोटी कमी आणि कायद्याच्या धाकापोटी जास्त. हे हिणवण्यासाठी लिहिलेलं नाही. धाकातून आलेली शिस्तही शिस्तच असते, फक्त धाक जिथे पोचत नाही तिथे ती थांबते. आज सभासद अडीच हजारांच्या वर आहेत, त्यात मंडळ्या (म्हणजे चर्च), मिशन संस्था, शाळा, मदतकार्य करणाऱ्या संस्था असे सगळे प्रकार येतात.

मोहोर कशावर मिळते?

मुळात सात मानकं आहेत. पहिलं विश्वासाच्या लेखी कबुलीचं. त्यात दात्याने वेळ घालवू नये. खरा माल दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मानकात आहे.

दुसरं मानक बोर्डाचं. किमान पाच माणसं, त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतंत्र, आणि वर्षातून किमान दोन बैठका. स्वतंत्र म्हणजे संस्थेचा पगार न घेणारा, पगार घेणाऱ्यांचा नातलग नसणारा, संस्थेशी मोठा आर्थिक व्यवहार नसणारा. कागदावर हे चोख आहे. पण पाचांच्या बोर्डात पाळक (चर्चचा पास्टर) आणि त्याची पत्नी बसली, उरलेले तिघे त्याचे वीस वर्षांचे मित्र असले, तरी अट पूर्ण होते. नातं मोजता येतं, पगार मोजता येतो, भीड मोजता येत नाही. पाळकाच्या पंक्तीला बसणारा माणूस बैठकीत त्याला अडवेल का, हे कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिता येत नाही. काही मोठ्या मंडळ्यांत याहून नाजूक प्रकार असतो: पाळकाचा पगार ठरवणारं मंडळ दुसऱ्या शहरांतल्या तशाच मोठ्या मंडळ्यांच्या पाळकांचं. ते पगारी नसतात, नातलग नसतात, म्हणून स्वतंत्र. मात्र त्यांचा स्वतःचाही पगार तसाच कुणीतरी ठरवलेला असतो.

तिसरं मानक हिशेबाचं. बाहेरच्या सीपीएची, म्हणजे आपल्याकडच्या सीएची, नेमणूक बोर्डाने किंवा बहुसंख्य स्वतंत्र सदस्य असलेल्या समितीने मंजूर करायची आणि वार्षिक विवरणपत्रंही त्यांनीच पाहायची. मोठ्या संस्थेला पूर्ण ऑडिट लागतं, लहान संस्थेला त्याहून हलकी तपासणी चालते. हा फरक दात्याच्या लक्षात राहत नाही. ‘रिव्ह्यू’ म्हणजे ऑडिट नव्हे. रिव्ह्यूमध्ये सीपीए मुख्यतः प्रश्न विचारतो आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहतो. बँकेकडून थेट पुष्टी मागवणं, व्यवहारांचे नमुने उचलून पावत्यांशी जुळवणं हे ऑडिटमध्ये येतं. ‘कम्पायलेशन’ तर याहूनही खालचं. तिथे व्यवस्थापनाने दिलेले आकडे फक्त नीट मांडलेले असतात, सीपीए कसलीही हमी देत नाही. तिन्हींवर सीपीएचं लेटरहेड असतं, म्हणून पहिल्या पानावरचं शीर्षक नीट वाचावं.

सहावं मानक नेत्याचा मोबदला आणि आपल्याच माणसांशी होणारे व्यवहार यांचं. बोर्डाने किंवा समितीने एकूण पॅकेज मंजूर करायचं, त्या वेळी नेत्याने बाहेर थांबायचं, मोठा मोबदला असेल तर तशाच संस्थांतल्या मोबदल्याची तुलना समोर ठेवायची, आणि घरच्यांना दिल्या जाणाऱ्या पगाराची माहिती बोर्डाला द्यायची. पद्धत चांगली. पण दोन गोष्टी या मानकात नाहीत. कमाल मर्यादा नाही: बोर्डाने रीतसर मंजूर केलं तर कितीही मोठा आकडा बसतो, आणि खाजगी विमानालाही मनाई नाही. दुसरं म्हणजे तो आकडा लोकांपुढे मांडण्याचं बंधन नाही. कष्टकऱ्यांच्या दशांशावर, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानावर, चालणाऱ्या मंडळीच्या पाळकाला किती पुरेसं, हा प्रश्न मानक विचारत नाही. ते विचारतं ठराव झाला का. बायबलमध्ये पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘वडिलांना’, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, नीच लाभासाठी पालन करू नका म्हणतो, त्या सूचनेची अंमलबजावणी ठरावाने होत नाही.

सातव्या मानकाचे पाच भाग आहेत आणि दात्याच्या दृष्टीने सर्वात मोलाचं हेच. आवाहनात खरं बोला. दात्याने ज्या कामासाठी दिलं तिथेच खर्च करा. पावती वेळेवर आणि बरोबर द्या. दात्याच्या हिताविरुद्ध त्याला देणगीसाठी गळ घालू नका. आणि निधी गोळा करणाऱ्याला जमलेल्या रकमेवर टक्केवारी देऊ नका. हा शेवटचा नियम कडक आहे आणि योग्य आहे. टक्केवारी आली की कथा फुगतात, रडणाऱ्या मुलाचा फोटो मोठा होतो.

पाचवं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते तुमच्या हातातलं हत्यार आहे. लेखी मागणी केली की सभासद संस्थेला चालू आर्थिक विवरणपत्रांची प्रत द्यावी लागते. ज्या प्रकल्पासाठी दान मागितलं त्याचा आर्थिक अहवालही मागता येतो. मोहोर पाहून दान देणारे पुष्कळ, हे पत्र लिहिणारे विरळा.

अलीकडे कौन्सिलने नेत्याची काळजी आणि सचोटी याबद्दल बोर्डाने काय करावं यासाठी नवं मानक आणलं आहे. चाळीसहून अधिक वर्षं पैशापाशी थांबलेल्या संस्थेसाठी हे मोठं पाऊल आहे, कारण मंडळ्या कोसळतात त्या बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीतून नव्हे, हे तिने मान्य केलं. पण याही ठिकाणी जबाबदारी बोर्डाचीच. म्हणजे दुसऱ्या मानकातली भीड इथेही येऊन बसते.

जुन्या मापाने मोजलं तर

१९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो शहरात बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रचारक कुठे कुठे घसरतात याची यादी केली आणि चार गोष्टी ठरवल्या. अर्पणाच्या पैशात हात ओला होऊ द्यायचा नाही. पत्नीखेरीज स्त्रीबरोबर एकांतात राहायचं नाही. स्थानिक मंडळ्यांची निंदा करायची नाही. सभेच्या गर्दीचे आणि तारणप्राप्तांचे, म्हणजे सभेत विश्वास स्वीकारणाऱ्यांचे, आकडे फुगवायचे नाहीत. कुठला करारनामा नाही, सह्या नाहीत. दोनच वर्षांनी, १९५० च्या अखेरीस, अटलांटातल्या वर्तमानपत्रात अर्पणाच्या थैल्या वाहणारे स्वयंसेवक आणि निरोप घेणारे हसरे ग्रॅहम असे दोन फोटो शेजारी शेजारी छापून आले. त्यानंतर सभेच्या शेवटी प्रचारकासाठी वेगळं प्रेमार्पण, म्हणजे त्याच्या स्वतःसाठीचं दान, घेण्याची पद्धत त्यांनी बंद केली आणि संस्थेकडून ठरावीक पगार घ्यायला लागले. पैशाबाबत ते जे म्हणत होते त्याला व्यवहाराचं रूप तिथे आलं.

ईसीएफएची मानकं या चार गोष्टींवर ठेवून पाहा. पैसा: पूर्ण झाकला जातो. आकड्यांचा खरेपणा: दान मागण्याच्या आवाहनापुरता झाकला जातो, प्रवचनातल्या बढाया सुटतात. स्त्रियांशी वागणं आणि इतर मंडळ्यांशी वागणं: काहीच नाही, नवं मानक जेवढं करेल तेवढंच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीच्या प्रमुखाच्या, अंगच्या गुणांची यादी आहे, त्यात द्रव्यलोभी नसावा ही एक अट. बाकीच्या घर कसं चालवतो, मद्यपी आहे का, भांडखोर आहे का, बाहेरच्यांत त्याचं नाव कसं आहे, अशा आहेत. मोहोर त्या एका अटीच्या आसपास फिरते.

कुठे चुकली, कुठे उशिरा जागी झाली

गॉस्पेल फॉर एशिया हे प्रकरण भारताशी जोडलेलं आहे, म्हणून आधी तेच. टेक्सासमधली ही मिशन संस्था दशकानुदशकं सभासद होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये कौन्सिलने तिचं सभासदत्व संपवलं. तपासणीत निघालेल्या गोष्टींत विल्स पॉइंट इथल्या मुख्यालयाच्या बांधकामासाठी आलेली सुमारे २ कोटी डॉलरची ‘देणगी’ होती, जी भारतातल्या भागीदार संस्थेकडूनच आली होती; भारतात जाणाऱ्या प्रवाशांच्या हाती रोकड पाठवण्याची पद्धत होती. दात्यांनी लावलेला सामूहिक दावा २०१९ मध्ये ३.७ कोटी डॉलरला मिटला. संस्थेने गैरकृत्य मान्य केलं नाही. यातून दात्याने घ्यायचं ते असं: काढून टाकणं हे मानकांचं यश, पण त्याआधी इतकी वर्षं मोहोर तिथेच होती. पैसा समुद्र ओलांडून गेला की अमेरिकेतलं ऑडिट ‘भागीदार संस्थेला अनुदान’ या एका ओळीवर थांबू शकतं.

शिकागोजवळची हार्वेस्ट बायबल चॅपल, पाळक जेम्स मॅकडोनाल्ड. डिसेंबर २०१८ मध्ये कारभाराबद्दल गंभीर बातमी छापून आली, कौन्सिलची माणसं भेट देऊन आली आणि सभासदत्व सुस्थितीत असल्याचं सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये मंडळीनेच पाळकाला काढलं. मग निलंबन, आणि एप्रिलमध्ये सभासदत्व रद्द. कौन्सिलच्या म्हणण्यानुसार भेटीच्या वेळी तिच्यापासून माहिती दडवली गेली होती. ते खरं मानलं तरी सेवेची कमजोरी उघडी पडते: तपासनीस जे कागद मागतो ते संस्थेनेच काढून द्यायचे असतात. वह्याच दोन ठेवल्या तर दुसरी कोण मागणार?

ख्रिस्ती वक्ते रवि झकरायस यांचं उदाहरण वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. मे २०२० मध्ये त्यांचं निधन झालं, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या फर्मचा अहवाल आला आणि त्यात अनेक स्त्रियांशी केलेलं लैंगिक गैरवर्तन मांडलं गेलं. हा चारित्र्याचा विषय, हिशेबाचा नाही, असं वाटतं. पण अहवालात एक वाट पैशाची निघाली: गरजूंसाठी म्हणून ठेवलेल्या ‘टच ऑफ होप’ या निधीतून मसाज करणाऱ्या काही स्त्रियांना पैसे गेले होते. त्या संस्थेच्या बोर्डावर कोण आहे हे तेव्हा लोकांना सांगितलं जात नव्हतं. नेत्याच्या एकट्याच्या मर्जीवर चालणारा मदतनिधी आणि नावं झाकलेलं बोर्ड, ही जोडी दिसली की मोहोर असो वा नसो, हात आखडता घ्यावा.

आणि उलट बाजूही आहे. २००७ मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी सहा टीव्ही प्रचारकांच्या संस्थांना पत्रं पाठवून विमानं, घरं, पगार यांची माहिती मागितली. त्यांतल्या जॉइस मायर यांच्या संस्थेने उत्तरं दिली आणि २००९ मध्ये ईसीएफएचं सभासदत्वही घेतलं. २०११ मध्ये चौकशी कुणालाही दंड न होता संपली. टीकेनंतर का होईना, एखादी संस्था बाहेरच्या नियमांखाली आली तर ते दात्याच्या फायद्याचंच आहे.

मोहोर वापरायची कशी

चित्रावर कधीही विसंबू नका. मोहोर ही एक प्रतिमा असते आणि सभासदत्व गेल्यावरही ती जुन्या पानांवर, छापील पत्रकांवर राहून जाते. कौन्सिलच्या संकेतस्थळावर सभासद शोधण्याची सोय आहे. तिथे संस्थेचं कायदेशीर नाव टाका. प्रचारकाचं नाव टाकून काम होत नाही, कारण ‘अमुक मिनिस्ट्रीज’, ‘अमुक वर्ल्ड आउटरीच’ आणि ‘अमुक चर्च’ या तीन वेगळ्या संस्था असू शकतात आणि मोहोर त्यांतल्या एकीचीच असते. तुमच्या दानाच्या पावतीवर जे नाव आणि नऊ अंकी कर-ओळख क्रमांक आहे, तो जुळला पाहिजे. सभासदत्व कधीपासून आहे ते पाहा. मोठ्या वादानंतर लगेच घेतलेलं असेल तर अविश्वास दाखवायचं कारण नाही, पण त्याआधीच्या वर्षांची हमी त्यात नाही हे ध्यानात ठेवा.

मग पाचव्या मानकाचा आधार घेऊन ईमेल करा. तीनच ओळी पुरतात: मागील दोन वर्षांची संपूर्ण आर्थिक विवरणपत्रं टिपांसह पाठवा, अमुक प्रकल्पासाठी जमलेला आणि खर्च झालेला निधी कळवा, बोर्डाच्या सदस्यांची नावं कळवा. शेवटची गोष्ट मानकाने बंधनकारक केलेली नाही, म्हणून तिचं उत्तर कसं येतं ते जास्त बोलकं असतं. ‘टिपांसह’ हा शब्द मुद्दाम लिहावा. रंगीत वार्षिक अहवालातला गोल तक्ता विवरणपत्र नव्हे.

विवरणपत्र आलं की पहिल्यांदा शेवटाकडे जा. संबंधित पक्षांशी व्यवहार ही टीप वाचा: मेहुण्याच्या कंपनीकडून छपाई, नेत्याच्या मालकीच्या इमारतीचं भाडं, नेत्याला दिलेलं कर्ज, सगळं इथे येतं. मग दात्याने बंधन घातलेली निव्वळ मालमत्ता पाहा. विहिरीसाठी, अनाथालयासाठी जमलेली रक्कम वर्षानुवर्षं तशीच फुगत असेल, तर पैसा कामाला लागत नाही किंवा गरज सांगितली तेवढी नव्हती. परदेशी कामाच्या अनुदानाची रक्कम आणि ती ज्यांना दिली त्यांचं नाव, यांतलं दुसरं बहुधा नसतं. ते विचारा. पुढे ऑडिटरचं नाव मागच्या वर्षीशी ताडून पाहा. लागोपाठ ऑडिटर बदलत असतील तर कारण मागा.

एक नेहमी निसटणारी जागा पुस्तकांची. संस्था आपल्या वेळात, आपल्या चॅनेलवर, दात्यांच्या पैशाने नेत्याचं पुस्तक खपवते. रॉयल्टी नेत्याच्या खाजगी कंपनीत जाते. संस्थेच्या हिशेबात फक्त पुस्तकखरेदीचा खर्च दिसतो. ‘मी संस्थेकडून पगार घेत नाही’ असं व्यासपीठावरून सांगणारा प्रचारक खोटं बोलत नसेलही, पण हा प्रश्न त्यालाच आधी विचारला पाहिजे. दुसरी जागा घरभत्त्याची. अमेरिकेत पाळकाला मिळणारा घरभत्ता ठरावीक मर्यादेत आयकरातून सुटतो, त्यामुळे सांगितलेल्या पगारात तो धरलाय की नाही यावर आकडा खूप बदलतो. ‘एकूण पॅकेज, घरभत्त्यासह’ असं विचारावं.

यानंतर फॉर्म ९९०. करमाफी असलेल्या अमेरिकी संस्था हा फॉर्म सरकारला भरतात आणि तो प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. भाग ६ मध्ये बोर्डात स्वतंत्र किती आणि कुणाचं कुणाशी नातं, भाग ७ मध्ये मोबदला, शेड्यूल जे मध्ये मोठ्या मोबदल्याचे तुकडे, शेड्यूल एल मध्ये आपल्या माणसांशी व्यवहार, शेड्यूल एफ मध्ये परदेशातला खर्च. शेड्यूल एफ मध्ये ‘दक्षिण आशिया’ असा प्रदेश लिहिलेला सापडतो. त्यातून भारतातल्या कुठल्या संस्थेकडे पैसा गेला ते कळत नाही. फॉर्म आर्थिक वर्ष संपल्यावर साडेचार महिन्यांनी भरायचा असतो, वर सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते, म्हणून हाती येणारा आकडा बराच शिळा असतो.

मात्र मंडळ्यांना हा फॉर्म भरावाच लागत नाही. आणि गेल्या काही वर्षांत ज्यांना सर्वसाधारण अर्थाने मंडळी म्हणता येणार नाही अशा संस्थांनीही करखात्याकडे मंडळी असा दर्जा घेतला. फोकस ऑन द फॅमिली ही कुटुंबविषयक काम करणारी ख्रिस्ती संस्था हे त्यातलं मोठं नाव. कायद्यात ते बसतं. पण त्यामुळे दात्याच्या हातून नेत्याचा पगार पाहण्याचं एकमेव हमखास साधन जातं, आणि ईसीएफए ते परत देत नाही. जिथे ९९० नाही तिथे मोहोरेचं मोल वाढतं, कारण निदान पाचव्या मानकाचं पत्र तरी लिहिता येतं. जिथे दोन्ही नाही, तिथे दाता फक्त प्रवचनावर अवलंबून असतो.

पर्याय आणि फीचा प्रश्न

ईसीएफए चालते ती सभासदांच्या फीवर, आणि फी संस्थेच्या उत्पन्नाप्रमाणे वाढते. मोठी संस्था काढून टाकली की मोठी फी जाते. याचा अर्थ निर्णय विकत घेतले जातात असा मुळीच नाही; गॉस्पेल फॉर एशिया आणि हार्वेस्ट या दोन्ही लहान नव्हत्या. पण संशय आला तरी आधी खाजगीत दुरुस्ती करून घेण्याकडे कल राहणं स्वाभाविक आहे, आणि दात्याला बातमी सर्वात शेवटी कळते. सभासदत्व संपलेलं दिसलं तर राजीनामा, नूतनीकरण न करणं आणि काढून टाकणं यांतलं काय झालं ते विचारून घ्यावं. चौकशी सुरू असताना दिलेला राजीनामा आणि खर्च परवडत नाही म्हणून दिलेला राजीनामा बाहेरून सारखेच दिसतात.

ख्रिस्ती संस्थांना गुण देणारी, १९९८ पासून चालणारी मिनिस्ट्रीवॉच संस्थांकडून फी घेत नाही, त्यांची संमतीही मागत नाही. पारदर्शकतेला अक्षरी श्रेणी, आर्थिक कार्यक्षमतेला तारे आणि दात्याच्या भरवशासाठी वेगळा गुणांक देते, बातम्याही छापते. तिची अडचण उलटी: बाहेरून जे मिळतं त्यावरच काम, म्हणून माहिती न देणाऱ्या संस्थेला कमी श्रेणी मिळते आणि ती चोरी करते की नुसती आळशी आहे हे उमगत नाही. तारेही जपून वाचावेत. कार्यालयाचा खर्च कमी म्हणजे संस्था चांगली, हा समज चुकीचा आहे. लेखापाल आणि तक्रारनिवारण यांवर खर्चच न करणारी संस्था कागदावर कार्यक्षम दिसते आणि गैरव्यवहाराला तीच सर्वात मोकळी असते. डॅलसची ट्रिनिटी फाउंडेशन टीव्ही प्रचारकांची घरं आणि विमानं शोधण्यात मुरलेली आहे. एखाद्या विशिष्ट नावाबद्दल खोदायचं असेल तर तिथे पाहावं. आमच्या मते ईसीएफए आणि मिनिस्ट्रीवॉच दोन्ही एकत्र वापरावीत. एक आतून पाहते, एक बाहेरून.

आचरणाबद्दलचे प्रश्न मात्र यांतल्या कुणाकडेच टाकता येत नाहीत. ते संस्थेलाच विचारावे लागतात. नेत्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची, ती नेत्याच्या हाताखालच्या माणसाकडे जाते का? नोकरी सोडणाऱ्यांकडून तोंड बंद ठेवण्याच्या करारावर सही घेतली जाते का? मदतनिधीतून पैसे काढायला दोन सह्या लागतात का? नेता प्रवासात एकटा असतो का? गेल्या तीन वर्षांत बोर्डाने नेत्याचा एखादा प्रस्ताव फेटाळला आहे का? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला दोघा-तिघा साक्षीदारांचा नियम अनेक मंडळ्यांत तक्रार न ऐकण्यासाठी वापरला जातो; त्याच्या लगेच पुढच्या वचनात पाप करणाऱ्या वडिलाला सर्वांसमक्ष दोष द्यायला सांगितलंय, ते क्वचित वाचलं जातं. संस्थेच्या धोरणात दोन्ही वचनांची सोय आहे का, ते पाहावं. प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठीची वर्गणी पोचवताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू पाठवले, आपल्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय आठ. स्वतःवर शंका घेण्याची मुभा त्याने स्वतःहून दिली होती. प्रश्न विचारल्यावर ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ असं उत्तर देणाऱ्या संस्थेकडे ही तयारी नसते.

पत्राला उत्तर यायला दोन-तीन आठवडे द्या. नाही आलं, तर ईमेलच्या प्रतीसह ईसीएफएकडे तक्रार करता येते, कारण विवरणपत्र न देणं हा पाचव्या मानकाचा थेट भंग आहे आणि या बाबतीत कौन्सिलकडे पळवाट नाही. उत्तर येईपर्यंत महिन्याचं आपोआप कापलं जाणारं दान थांबवून ठेवावं. कार्डावरची परवानगी संस्थेच्या पानावरून रद्द होत नसेल तर बँकेकडून करून घ्यावी.